पाठकोऱ्या कागदांची गिरिजाक्का

गिरिजाक्काच्या कथांतून एकही बाई सुटली नाही. राक्षसाच्या गुहेतून नाही, राजाच्या तळघरातून नाही, आणि तिनं जी पुढच्या शतकातली शहरं उभी केली त्यांतून तर नाहीच नाही. आमचे संपादक भाऊ वैतागून म्हणायचे, "अक्का, एक तरी सोडा की वो. दिवाळी अंक हाय, तेराव्याचा न्हवं."

त्यावर अक्काचा प्रश्न ठरलेला. "सोडली असं धरा. ठेवली कुठं?"

भाऊ हिरिरीनं सांगायचे की राजपुत्रानं तिला घोड्यावर घातली आणि नेली. अक्का विचारायची, त्या घोड्याच्या घरात सासू कोण? भाऊ म्हणायचे, बरं, राजपुत्र नको, ती आपली स्वतःच्या पायावर उभी राहिली. "उभी ऱ्हायली, झ्याक झालं. अंग टाकायला कुणाची वसरी?" भाऊ कपाळावर हात मारायचे आणि कथा आहे तशी कंपोजला जायची, कारण तिच्यासारखं लिहिणारं दुसरं कुणी आमच्याकडं फिरकत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी तेव्हा एम. ए. मराठी करून, दुसरं काही न मिळाल्यामुळं, कोल्हापुरातल्या त्या छापखान्यात मुद्रितं तपासायला बसत होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. वर्षभर लग्नपत्रिका आणि पतपेढ्यांचे अहवाल छापायचे आणि दिवाळीला भाऊंच्या हौसेचा अंक काढायचा, असा कारभार. बायकांनी अद्भुत लिहायचं म्हणजे परी लिहायची, अशी भाऊंची समजूत होती. खरं सांगायचं तर माझीही होती. एका दुपारी कपाळाला विभूतीची बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि काखेत फायलींचं बाड अशी पन्नाशीची बाई आत आली आणि बाड माझ्या टेबलावर आपटून म्हणाली, "वाच, तंगी. आवडलं न्हाय तर तोंडावर सांग."

गडहिंग्लजकडची होती, कानडी तिच्या मराठीत सहज मिसळायची. धाकटी बहीण ती तंगी, म्हणून मी तंगी. पानं मोजायची ती ओंदु, एरडु, मूरु अशीच. मी तिला तोंडावर अहो म्हणायची आणि मनात अगं. पिशवीत कायम चिरमुरे. बोलता बोलता तीन बोटांनी पुढ्यात ठेवायची, नको म्हटलं तरी. नवऱ्याविषयी एकदाच विचारलं तेव्हा म्हणाली, "हुता." पुन्हा मी विचारलं नाही.

तिच्या सगळ्या कथा पाठकोऱ्या कागदांवर होत्या. अक्का एका सोनोग्राफीच्या दवाखान्यात टायपिस्ट होती. रिपोर्ट टाइप करताना बिघडलेले फॉर्म ती घरी न्यायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. त्यामुळं वाचताना मजा व्हायची, म्हणजे मजा हा शब्द बरोबर नाही. एका बाजूला राणीला जिवंत पुरायचं ठरत असायचं, आणि पान उलटलं की इंग्रजीत लिहिलेलं, गर्भ एकच, जिवंत, ठोके नियमित.

त्या बाडातली पहिली कथा मला अजून पाठ आहे. त्या राज्यात बायका सारख्या माहेरी पळतात म्हणून सरकार माहेर नावाचं खातंच बंद करतं. एसटीत बाईला फक्त जायचं तिकीट मिळतं, यायचं नाही. बायका मग पुढं पुढंच जात राहतात, गावामागून गाव, आणि शेवटी राज्याच्या हद्दीवर हजारो बायका हातात संपलेली तिकिटं घेऊन उभ्या असतात. कंडक्टर नेहमीसारखा विचारतो, "कुठं जायचं, बाई?" तिथं कथा संपते. दुसरीत घाटातल्या धुक्यात शिरलेली नवरी पलीकडं निघते ती झाड होऊन, आणि वऱ्हाडी आपापसात हळहळून तिला कुंपणाला वापरतात. मी दोन्ही एका दमात वाचल्या. वाचून घरी गेले आणि आईशी उगाच भांडले.

एकदा भाऊंनी तिला एका महिला मेळाव्यात कथा वाचायला नेलं. तिकिटाचीच कथा तिनं वाचली, रिपोर्ट वाचून दाखवावा तशा सपाट आवाजात. सभागृह गार पडलं. अध्यक्ष म्हणून बसलेल्या गृहस्थांनी घसा खाकरून समारोप केला की कल्पनाविलास ठीक आहे, पण ही देवीची नगरी आहे, इथं स्त्रीशक्तीची पूजा होते, तेव्हा इतका अंधार कशाला रंगवायचा. अक्का खालून, माइक नसताना म्हणाली, "देवीचं नशीब म्हणायचं, पावणं. मशीन यायच्या आधी जन्माला आली." कुणी हसलं नाही. चहाला आमच्या टेबलाशी कुणी आलं नाही, आणि अक्कानं माझ्या बशीतला बटाटेवडाही खाल्ला.

दवाखान्याबद्दल ती फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तुमी मला अद्भुत लिव्हणारी म्हणतासा. आमच्याकडं भिंतीवर पाटी हाय, हितं मुलगा-मुलगी सांगत न्हाईत म्हणून. तसलं अद्भुत मला जनमात जमायचं न्हाय."

तिची एक खोड मला फार छळायची. मुद्रितं मी तांबड्या शाईनं तपासायची, जगात सगळीकडं तशीच तपासतात. अक्का ती हातात घ्यायची नाही. टेबलावर असतील तर पदर टाकून झाकायची. "हिरव्यानं कर, पेन्सिलीनं कर, कोळशानं कर." मला वाटायचं, लेखकांची नाटकं. मी मुद्दाम एकदोनदा तांबडीच वापरली, तेव्हा ती उठून गेली आणि आठ दिवस आली नाही.

दोन हजार सालानंतर तिनं कादंबरी लिहायला घेतली. तोवर तिनं दवाखाना सोडला होता आणि कोर्टाबाहेर मशीन टाकून अर्ज टाइप करत होती, पण जुने कागद तिच्याकडं ट्रंकभर होते. कादंबरीतल्या राज्यात जन्म आधी लिहिले जायचे. राजवाड्यात लेखनिक बायका बसायच्या, वरून यादी यायची, आणि यादीत नसलेलं मूल पोटातून नाहीसं व्हायचं. त्यातली एक लेखनिक एका मुलीचं नाव चोरून यादीत घालते. चौदा प्रकरणं अक्कानं दोन वर्षांत आणून दिली. इतकं चांगलं काही आमच्या छापखान्यात कधी आलं नव्हतं. पंधरावं, शेवटचं, काही केल्या येईना. त्यात लेखनिक त्या मुलीच्या आईला भेटायला जाणार होती. भाऊंनी सुचवलं की आईनं हार घालावा, ओवाळावं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. अक्का म्हणाली, "ती आई काय म्हणंल ते मला म्हाईत न्हाय. ठावं नसंल तर कसं लिव्हू?"

मी तेव्हा तिची चौदा प्रकरणं कंपोजसाठी लावत होते. एक पान उलटं पडलं. मागचा फॉर्म बिघडलेला नव्हता. नाव, वय, गाव, सगळं नीट टाइप केलेलं, एकही खाडाखोड नाही, आणि खाली डॉक्टरांची सही. तांबडी.

मी पान अक्कापुढं धरलं. तिनं पदर टाकला नाही. चिरमुऱ्याची पिशवी बाजूला सारली आणि सांगितलं.

कायदा आल्यावर डॉक्टरांनी तोंड बंद केलं आणि दोन पेनं घेतली. सही निळी असली तर मुलगा, तांबडी असली तर मुलगी. कुणी काही बोलायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. रंगांचा अर्थ गावोगाव माहीत होता. रिपोर्ट टाइप करायचा, सहीला ठेवायचा आणि पाकिटात घालून घरच्यांच्या हातात द्यायचा, हे अक्काचं काम.

"एक बाई आलती," अक्का म्हणाली. "संगीता. बाकावर दोन पोरी मांडीला घिऊन गोष्ट सांगत हुती. उसात ऱ्हाणाऱ्या राणीची. कुठल्या पुस्तकातली न्हवं, तिची सोताची. मी टायपिंग थांबवून ऐकत बसलतो. मधीच तिला आत बोलिवलं. भाईर आल्यावर धाकटी म्हणाली, आये, राहिल्याली सांग. घरात गेल्यावर सांगतो, म्हणाली. पाणी मागितलं, मी दिलं. मग कागद आला सहीचा. तांबडा. मला वाटलं, तिसरीलाबी ऐकू दे ती गोष्ट."

डॉक्टर जेवायला गेले होते. अक्कानं दुसरा फॉर्म घातला, तोच मजकूर टाइप केला आणि निळ्या पेनानं सही मारली. सही म्हणजे काय, एक रेघ आणि एक ठिपका. पाकीट सासूच्या हातात दिलं. पुढं मुलगी झाली तेव्हा घरचे दवाखान्यात येऊन भांडून गेले. मशीनची चूक झाली असेल म्हणून डॉक्टरांनी हात झटकले, पण त्यानंतर ते अक्काकडं बघायचे ते वेगळंच. वर्षाच्या आत तिनं नोकरी सोडली.

मी इतकी खूश झाले की ओरडलेच. एवढ्या कथांतून एक बाई न सोडणाऱ्या या बाईनं खरीखुरी एक मुलगी सोडवली होती! मी म्हटलं, अक्का, चला, जाऊ या तिच्याकडं. पंधरावं प्रकरण तिथंच बसलंय. ती तुमच्या पाया पडेल. हे मी म्हटलं, हे मला आजही कबूल करायला जड जातं.

अक्कानं चिरमुऱ्याची पिशवी पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "पाया पडू दे न्हायतर थोबाडात मारू दे. मी बरं केलं का वंगाळ, ते तिच्या तोंडनं ऐकायचं हाय मला. त्याबिगर लिव्हायचं न्हाय."

कागदावरचा पत्ता सासरचा होता, वारणानगरच्या पुढच्या एका गावाचा. तिथं स्टँडवरच्या दुकानदारानं आम्हाला वरखाली न्याहाळलं आणि सांगितलं की ती आता माहेरी असते, दोन कोसांवर, नवऱ्यानं दुसरी केली. आम्ही चालत गेलो. संगीता गोठ्यामागं शेणी थापत होती. पंचविशी-सव्विशीची असेल, दिसत होती चाळिशीची. दोन मुली शाळेत होत्या. तिसरी, पाचेक वर्षांची, झग्याचं टोक तोंडात घालून आमच्याकडं बघत होती.

"मला वळखलं न्हाईस," अक्का म्हणाली.

"वळखलं की. पाणी दिल्यालं तुमी."

अक्कानं उभ्यानंच सगळं सांगितलं. सपाट आवाजात, सजवलं नाही, स्वतःला वाचवलं नाही. संगीताचे हात थांबले नाहीत. ऐकून झाल्यावर एक शेणी भिंतीला मारली आणि म्हणाली, "म्हंजी डॉक्टरचं चुकल्यालं न्हवतं?"

"न्हाय."

"पाच वरीस मी त्येला शिव्या घालतोय."

मग तीच सांगायला लागली, आमच्याकडं न बघता. निळी सही घरात आली आणि तिचं नशीबच पालटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला ताट वाढून दिलं. सासू तिच्या केसांना तेल लावायची. पोराचं नाव ठरलं, पाळणा आणला, सासऱ्यानं गावात आधीच सांगून ठेवलं. चार-पाच महिने. आणि मग झाली ही.

"त्येंनी म्हटलं, कागदावर पोरगा हाय. मग पोरगा गेला कुठं? दवाखान्यात बदललास, इकलास, कुणाला दिलास? बाळतिणीला मारलं वो त्येंनी. पोरगी नगं म्हणून न्हवं, पोरगा कुठं हाय म्हणून. नवरा रडायचा, पाया पडायचा, पुन्यांदा मारायचा. आजबी येतोय. म्हयन्याला एकदा तरी येतोय, दारू पिऊन. माझं पोरगं सांग म्हणतोय. ह्या पोरींच्या म्होरं."

माझी मान खाली गेली होती. अक्काची नव्हती. ती म्हणाली, "मी चुकलो का गं?"

संगीता पहिल्यांदा तिच्याकडं वळली. रागावलेली वाटली नाही, नुसती दमलेली. "मला इचारायचं हुतं. सासूनं इचारलं न्हाय, डॉक्टरनं न्हाय. तुमीबी न्हाय. बाकावर हुतो की मी, हाताच्या अंतरावर."

"इचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

संगीतानं त्या मुलीकडं बघितलं. मुलीनं झगा तोंडातून काढला. "आता ती हाय," संगीता म्हणाली. "आता कसं सांगू?"

निघताना तिनं एकच गोष्ट मागितली. सासरी येऊन सगळ्यांसमोर सांगा की पोरगा नव्हताच. अक्का लगेच हो म्हणाली. मी म्हटलं, अक्का, पोलीस केस होईल, मारतील. ती म्हणाली, "मारू देत." त्या दिवशी मी गेले नाही. अंकाची शेवटची पानं छपाईला मशीनवर आहेत असं कारण सांगितलं. पानं होती, पण मी भ्याले होते.

काय झालं ते अक्कानं नंतर चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग सासऱ्यानं कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मग पोरगा तुमी कुणाला दिलासा?"

एवढ्या वर्षांत त्यांना हवा तो माणूस सापडला होता. डॉक्टरच्या सहीची खोटी सही मारणारी बाई, दवाखान्यातली, एकटी, पोटी मूल नसलेली. अक्का ओरडून सांगत होती की नव्हताच हो, आणि ते माना डोलवत होते.

कादंबरी तिनं परत मागितली. मी दिली नाही, हरवली म्हणून सांगितलं. चौदा प्रकरणं आजही माझ्या कपाटात आहेत. हल्ली कुणी प्राध्यापिका स्त्रियांच्या कल्पित लेखनावर बोलायला लागल्या की मला वाटतं, काढावी आणि त्यांच्या हातात द्यावी. पण शेवट विचारतील, आणि मला तो सांगता येणार नाही.

त्यानंतर अक्का छापखान्यात यायची थांबली. पाय अधू झाले म्हणे. मीही लग्न होऊन सांगलीला गेले. तिला शेवटचं पाहिलं त्याला बरीच वर्षं झाली. एका रविवारी कोल्हापुरात आले होते, म्हणून तिच्या खोलीवर गेले. पायरीवर एक पुरुष बसला होता, स्वच्छ धुतलेला सदरा, हातात टोपी. अक्का उंबऱ्याच्या आत शेंगा निवडत होती.

"औंदा तिसरीत गेला," ती सांगत होती. "गणितात हुशार हाय. पण दूध पीत न्हाय."

"मीबी पीत न्हवतो," तो म्हणाला.

"मास्तर चांगला हाय. मारत न्हाय."

तो ऐकत राहिला, देवळात बसल्यासारखा. मी कोपऱ्यात उभी. कोण ते कळायला वेळ लागला नाही. थोड्या वेळानं तो उठला, कागदात बांधलेलं काहीतरी अक्कापुढं ठेवलं आणि चपला घालायला लागला. मी कुजबुजले, "अक्का, हे काय चाललंय? त्याला खरं सांगा ना."

"सांगितलं की. धा येळा. त्येला खरं नगं हाय, पोरगा पायजे." तिनं शेंगेची टरफलं सुपाच्या एका कडेला लोटली. "दर आयतवारी येतोय, पिऊन येत न्हाय. आणि हितं येतोय तवर तिकडं जात न्हाय. तीन वरीस झाली, संगीताच्या दाराला त्येचा पाय लागल्याला न्हाय."

मी त्या कागदाच्या पुडक्याकडं बघितलं.

"पोरासाठनं कापडं आणतोय," अक्का म्हणाली. "एसटीनं धाडतो मी तिकडं. माप बरूबर बसतंय पोरीला."

"संगीता घेते?"

"घेती की. पोरीच्या अंगावर काय तरी लागतंच की."

मला तिला खूप काही विचारायचं होतं, पण तो माणूस गल्लीतून अर्ध्या वाटेवरनं परत आला होता. पायरीखाली उभा राहिला. टोपी पुन्हा हातात घेतली.

"अक्का, एक इचारू? माझ्यागत दिसतोय का वो?"

अक्कानं हातातली शेंग सुपात ठेवली. एवढं सगळं रचणारी बाई इथं अडली असं मला वाटलं. तिनं मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडं नीट, बराच वेळ बघितलं.

"डोळं तुझंच हाईत," ती म्हणाली.

मी ती पोरगी पाहिली होती. अक्का खोटं बोलत नव्हती. तो डोळे पुसत गेला, आणि अक्कानं पुडकं सोडून नव्या सदऱ्याच्या टाचण्या एकेक काढून वाटीत टाकायला घेतल्या.